'रायली' म्हणजे उपहासाने? नाही हो!

अकरावीतल्या भाचीनं परवा विचारलं, "मामा, 'ही सेड रायली' (he said wryly) म्हणजे काय?" गाइडमध्ये अर्थ दिलाय, उपहासाने. मोबाइल म्हणतो, वाकडेपणाने. दोन्ही वाचून तिला वाटलं, धड्यातला माणूस भांडायला आलाय.

मोबाइल चुकून जवळ पोचलाय, हे आधी मान्य करतो. 'राय' (wry) म्हणजे मुळात मुरडलेलं, वाकडं. सगळं बिनसलं की इंग्रजीत 'अराय' (awry) म्हणतात, तेही याच घरचं. (डब्ल्यू नुसता शोभेला.) आपलं 'तिरकस'ही असंच तिरकं. पण तिरकस बोलणं बहुतेकदा दुसऱ्याला टोचायला असतं. 'रायली' बोलणारा स्वतःही त्या फजितीत सापडलेला असतो, आणि हे त्याला पुरतं ठाऊक असतं. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे.

मागच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकांच्या कूलरची मोटर जळली. बाहेर 45 अंश. मेकॅनिक तीन दिवस फोनवर "निघूनच राह्यलो काका" म्हणत होता. चौथ्या दिवशी काका ओट्यावर बसलेले, मानेवर ओला दुपट्टा, बाजूला नवी आणलेली खस तशीच बांधलेली. मला पाहून म्हणाले, "बरं झालं बा, लाइटबिल तं कमी येईन." ओठाचा एक कोपरा जरासा हलला, बस. हे झालं रायली.

आता आमचा पोहेवाला घ्या. "भाऊ, तर्री कमी टाका" म्हटलं की भरलेला पळा ओततो आणि म्हणतो, "कमीच आहे." चेहऱ्यावरची रेष हलत नाही. ते ड्रायली (dryly), कोरडेपणानं. आणि उपहासच पाहायचा असेल तर तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, पाहा. भर रस्त्यात, ढोलताशासकट. तिथं ओठाचा कोपरा-बिपरा काही नाही.

अनुवाद करणाऱ्यांनो, काकांच्या त्या वाक्यापुढं 'ते उपहासाने म्हणाले' जोडलंत की वाक्याचीही मोटर जळते. 'ओठ मुरडून' लिहा, 'कसनुसं हसून' लिहा, नाहीतर नुसतं 'म्हणाले' लिहा. वाक्यातच सूर असला तर वाचणाऱ्याला तो ऐकू येतो.

भाचीनं पेपरात 'ओठ मुरडून स्वतःशीच हसत' असं लिहिलं. सरांनी लाल पेनानं खोडून वर 'उपहासाने' केलं, एक मार्क कापला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "थँक यू मामा, लय मदत झाली."

कोणत्या सुरात, ते लिहिलं नव्हतं.