मॅडमचं नंतर बघू

बायकामुलांना घेऊन परदेशी स्थायिक व्हायला निघालाय? अभिनंदन. आता रेसिडन्स व्हिसा घ्यायचा की वर्क, एवढाच फुटकळ प्रश्न उरला. तो स्वतः सोडवू नका, कन्सल्टंट गाठा. आमच्या कन्सल्टंटने खुर्चीत मागे रेलून दोन वाक्यांत निकाल लावला होता: "सर, रेसिडन्सच घ्या. एकदा राहायला मिळालं की कामाचं कोण विचारतंय?"

त्यावर आम्ही स्पेनच्या 'नॉन-लुक्रेटिव्ह' रेसिडन्स व्हिसाची फाइल लावली. कमाई करायची नाही, हे त्याच्या नावातच आहे, पण नावावर कशाला जायचं! पेन्शन, भाडं, ठेवी असं बसल्या जागी उत्पन्न असणाऱ्यांसाठी तो व्हिसा. आयपीआरईएम नावाचा, उत्पन्न मोजायचा तिथला सरकारी आकडा आहे; मुख्य अर्जदाराने त्याच्या ४०० टक्के उत्पन्न दाखवायचं आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी १०० टक्के. काम मात्र करायचं नाही. लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्यांसाठी २०२३ पासून डिजिटल नोमॅडचा वेगळा व्हिसा आहे. हे सगळं फुकट वाचता येतं, म्हणूनच कोणी वाचत नाही.

टूरिस्ट व्हिसावर सहकुटुंब जाऊन 'तिथेच बदलून घ्या' असंही कोणी सुचवेल. जरूर ऐका. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या स्पेनसारख्या युरोपीय देशांत मिळून, १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. तेवढ्यात सामान उघडूनही होतं आणि परत बांधूनही.

मुलांच्या वयाचा विचार नको, ती काही वाढत नाहीत.

आता मुख्य सल्ला. जोडीदाराच्या कामाचा विषय अजिबात काढू नका. मी एकदा काढला होता. कन्सल्टंट म्हणाला, "मॅडमचं नंतर बघू." दुसऱ्यांदा काढला, तेव्हाही नंतरच. फॉर्मवर तिच्या नावापुढे 'डिपेन्डन्ट' लिहिलं की विषय मिटतो. पंधरा वर्षं स्वतःच्या पगारावर घर चालवलेली बाई एका खुणेत परावलंबी! अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलात, तर ग्रीनकार्डाची फाइल ठराविक टप्प्याला पोचेपर्यंत एच-फोर या कुटुंबाच्या व्हिसावरच्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. तुमची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवा मालक शोधा, नाहीतर मुलांची शाळा, घराचा करार, सगळं आवरा. कारण व्हिसा तुमच्या नोकरीवर टांगलेला आणि घरचे तुमच्या व्हिसावर. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांना कुटुंब सोबत न्यायला बंदी केली, आणि जुलै २०२५ पासून तर परदेशातून असे नवे अर्जच घेणं थांबवलं. आणि जर्मनीत ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या वर्क परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं! म्हणजे वर्क व्हिसा वाईट आणि रेसिडन्स चांगला, असं काही नसतंच. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हे रेसिडन्सच, पण तिथे अर्जातल्या जोडीदारालाही कामाची मुभा. एकाच शब्दाखाली इतके वेगळे कायदे, आणि हा माणूस म्हणतो, नंतर बघू?

कधी बघणार होतास रे?

"मॅडमनी राजीनामा दिला की फाइल भक्कम दिसते," हेही त्याचंच. तिने दिला. माझं मात्र 'हे घरून आमचं काम करतात' असं कंपनीचं पत्र त्याने उत्पन्नाचा पुरावा म्हणून निळा फ्लॅग लावून फाइलीत वरच ठेवलं. नकार आला नसता तरच नवल. त्या रात्री बायकोने नियमांचं पान उघडलं, खाली सरकवत नेलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत तिला. आम्ही फी भरून चार महिने घालवले होते.

त्याला शिव्या घालून झाल्या, आता तुम्हाला. अहो, नवी गाडी घेताना मायलेज चार जणांना विचारता ना? मग घरादाराची वरात काढताना त्या व्हिसावर कोण काम करू शकतं, एकाची नोकरी गेली तर बाकीच्यांचं काय, हे विचारायला लाज कसली वाटते? 'एजंट बघतोय' म्हणे! तो फी बघतोय. पोलीस क्लिअरन्सची मुदत संपली, भाषांतरं वाया गेली, बायकोच्या जागेवर दुसरं माणूस आलं. यातलं एकही त्याच्या खिशातून गेलेलं नाही.

परवा त्याचा मेसेज आला: "सर, पोर्तुगाल ट्राय करू या का?" मी फोन बायकोच्या हातात दिला.