प्रकाश थकतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विश्वाच्या प्रसरणावरचा माझा लेख बारकाईने वाचून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दूरच्या दीर्घिकांचा (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा) प्रकाश वाटेतल्या धुळीने तांबडा होत असेल, नाहीतर एवढ्या प्रवासात त्याची ऊर्जाच घटत असेल, मग विश्व प्रसरण पावतंय हे कशावरून? शिवाय नारळीकर सरांनाही ते मान्य नव्हतं.

धुळीचं आधी. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, पण त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) कॅल्शियमच्या दोन ठळक काळ्या रेषा 393.4 आणि 396.8 नॅनोमीटरवर, भरदुपारी असतात तिथेच सापडतात. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत या रेषाच जागा सोडून तांबड्या टोकाकडे सरकतात; यालाच ताम्रसृती म्हणतात. मार्टिन श्मिट यांना 1963 साली 3सी 273 या क्वेसारच्या (ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण अतिदूरच्या आणि अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) वर्णपटात हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा दिसल्या, त्या एकजात 16 टक्क्यांनी सरकलेल्या. धूळ प्रकाश अडवते, विखुरते. रेषा सरकवत नाही.

प्रकाश थकण्याची कल्पना मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी ती 1929 मध्येच, दीर्घिकांचं अंतर आणि ताम्रसृती यांचा संबंध दाखवणारा एडविन हबलचा शोधनिबंध आला त्याच वर्षी मांडली होती, आणि नुसत्या रेषा पाहून ती खोडता येत नाही. त्यासाठी दूरवर ठेवलेलं घड्याळ हवं. ते मिळालं 1ए प्रकारच्या अतिनवताऱ्यांत, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांत. हे तारे साधारण ठरलेल्या गतीने उजळतात आणि मंदावतात. प्रकाशाची फक्त ऊर्जा घटत असेल, तर या गतीत फरक पडायचं कारण नाही. पण अवकाशच ताणलं जात असेल, तर पहिल्या दिवशी निघालेला प्रकाश आणि विसाव्या दिवशी निघालेला प्रकाश यांच्यातलं अंतरही वाटेत वाढणार. ताम्रसृती 0.5 असेल, म्हणजे रेषा 50 टक्क्यांनी सरकल्या असतील, तर वीस दिवसांचा चढ आपल्याला तीस दिवसांत दिसायला हवा.

तसंच दिसतं! 1995के या अतिनवताऱ्याची ताम्रसृती 0.48 होती आणि त्याचा प्रकाशआलेख (दिवसागणिक तेज कसं बदललं त्याचा आलेख) जवळपास दीडपट ताणलेला निघाला. 2024 मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-पाहणी प्रकल्पाच्या दीड हजार अतिनवताऱ्यांनी हेच प्रमाण दाखवलं. मला स्वतःला हा पुरावा सगळ्यांत भक्कम वाटतो, कारण इथे रंगाचा संबंधच उरत नाही.

राहिला नारळीकर सरांचा मुद्दा. काही क्वेसारांच्या ताम्रसृतीबद्दल त्यांनी शंका घेतल्या हे खरं, पण त्यांचा मुख्य आक्षेप महास्फोटाला होता. फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी ज्या स्थिर स्थिती सिद्धांतावर काम केलं, त्यातलं विश्वही प्रसरणच पावतं. दीर्घिका दूर गेल्याने विरळ होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होतं आणि म्हणून घनता कायम राहते. प्रसरण नसतं, तर त्या नव्या द्रव्याची गरजच पडली नसती.