‘सही कर आणि मोकळा हो’: फौजींच्या ग्रुपवरच्या एका संदेशाला उत्तर

गेले काही महिने फौजी आणि त्यांच्या घरच्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मतलब असा: वर्दी चढवली की राज्यघटनेतले हक्क खुंटीला टांगायचे. चौकशी लागली की वकील मिळत नाही. बोललास तर अडकलास, गप्प बसलास तर दोषी. कोर्ट मार्शलची, म्हणजे लष्करी न्यायालयाची, शिक्षा आधीच ठरलेली असते आणि वर कुठेही दाद नाही. तेव्हा साहेब सांगतील तिथे सही कर आणि मोकळा हो.

मी पलटणीच्या कार्यालयात क्लार्क होतो. असले कागद टंकले, त्यांवर शिक्के मारले, फायलीत लावले. संदेश अगदीच खोटा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पोरांना पटतो.

आधी हक्कांचं. घटनेच्या कलम 33 नुसार सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि संसदेने तो वापरलाही आहे. संघटना, राजकीय सभा, वर्तमानपत्राला मुलाखत, या सगळ्यांवर बंधनं आहेत. पण मर्यादित म्हणजे रद्द नव्हे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवू नये, ही गोष्ट आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 121 मध्येच लिहिली आहे. कलम 122 ने खटल्याला तीन वर्षांची मुदत घातली आहे. पळून जाणं, बंड आणि खोटी भरती हे त्यातले अपवाद. कलम 133 प्रमाणे कोर्ट मार्शललाही देशाचा पुरावा कायदा लागू होतो. अटकेचंही तसंच. क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, ठेवलेल्या माणसावरच्या आरोपाची तपासणी 48 तासांत सुरू व्हायला हवी, झाली नाही तर का, हे वर कळवावं लागतं, आणि कोर्ट मार्शल भरेपर्यंत दर आठ दिवसांनी विलंबाचा अहवाल जातो. हे अहवाल मी स्वतः टंकले आहेत. प्रत्येकात कारण जवळपास तेच असायचं, हेही सांगून टाकतो.

आता वकिलाचा मुद्दा. इथे संदेशाने तीन वेगळ्या पायऱ्या एकाच पोत्यात भरल्या आहेत.

पहिली पायरी कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे काय घडलं ते शोधणाऱ्या चौकशीची. तिथे वकील येत नाही, हे संदेशाचं म्हणणं बरोबर आहे. पण वकील नाही म्हणजे हातात काहीच नाही, हे चूक. आर्मी रूल्स 1954 मधला रूल 180 फौजीने पाठच करायला हवा. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा फौजेतल्या नावावर डाग येण्याची शक्यता दिसली, की त्याला पूर्ण चौकशीभर हजर राहू द्यावं लागतं. आपलं म्हणणं मांडणं, पुरावा देणं, आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणं, आपले साक्षीदार बोलावणं, हे सगळं त्याला करता येतं. प्रत्यक्षात काय होतं? जवानाला साक्षीदार म्हणून बोलावतात, त्याचा जबाब घेतात, बाहेर पाठवतात, आणि पुढच्या चार साक्षीदारांनी त्याचंच नाव घेतलं हे त्याला महिन्याने कळतं. मुद्दाम होतं असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा चौकशी चालवणाऱ्या प्रिसायडिंग ऑफिसरला घाई असते, आणि समोरचा जवान ‘साहेब, रूल 180 लावा’ असं म्हणत नाही.

म्हणायला हवं, आणि लेखी म्हणायला हवं. कारण रूल 180 मोडला म्हणून पुढचं कोर्ट मार्शल आपोआप रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी हेच विचारलं आहे, की या चुकीने तुमचं नुकसान काय झालं आणि तुम्ही तेव्हा हरकत घेतली होती का? एका साध्या कागदावर तारीख घालून दिलेला अर्ज वर्षभराने फायलीतून निघतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

‘बोललास तर अडकलास’ हा भाग याच पायरीवर सर्वांत चुकीचा ठरतो. रूल 182 सांगतो की कोर्ट ऑफ इन्क्वायरीत दिलेला जबाब, कबुली किंवा उत्तर त्या माणसाविरुद्ध कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाही. जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी.

मात्र हीच ढाल पुढच्या पायरीवरही आहे असं समजू नका. दुसरी पायरी रूल 22 ची, कमांडिंग ऑफिसरपुढची सुनावणी आणि त्यानंतर रूल 23 ची समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षी आणि जबाब लिहून घेणं. इथेही साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. पण इथे आरोपीने जे सांगितलं ते नंतर त्याच्याविरुद्ध वापरता येतं. म्हणून आरोपीचा जबाब घेण्याआधी त्याला एक ताकीद द्यावी लागते: तुझी इच्छा नसेल तर काहीही सांगायचं तुझ्यावर बंधन नाही, पण जे सांगशील ते लिहून घेतलं जाईल आणि पुरावा म्हणून देता येईल. म्हणजे ‘गप्प बसलास तर दोषी’ हे फौजेच्या स्वतःच्या नियमातच खोटं ठरवलेलं आहे. गप्प बसण्याची मुभा त्या ताकिदीतच लिहिलेली आहे. समरी इंग्रजीत लिहिली जाते, आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ती समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते. ‘सांगितलं का?’ या प्रश्नाला ‘हो साहेब’ म्हणण्याआधी खरंच कळलं का, हे स्वतःला विचारायला हवं.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आपला कंपनी कमांडर पोलिस नाही, हे मात्र विसरलं जातं. त्याच्यापुढे मोकळेपणाने दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. ती धमकी देऊन, आमिष दाखवून किंवा ‘सही कर, मी सांभाळतो’ असं आश्वासन देऊन घेतली असेल, तर तिच्यावर हरकत घेता येते. सांभाळतो म्हणणारा साहेब वाईट असतो असं नाही. त्याची दुसरीकडे पोस्टिंग होते, एवढंच.

तिसरी पायरी प्रत्यक्ष कोर्ट मार्शलची, आणि इथे चित्र पालटतं. जनरल आणि डिस्ट्रिक्ट या कोर्ट मार्शलच्या, अनेक अधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या प्रकारांत आरोपीला वकील लावता येतो. वकील नको असेल किंवा परवडत नसेल तर डिफेन्डिंग ऑफिसर, म्हणजे आपली बाजू मांडणारा फौजी अधिकारी, मागता येतो, आणि तो मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हे कोर्ट भरवणाऱ्या अधिकाऱ्याचं काम आहे. खटल्याच्या तयारीसाठी साक्षीदार आणि वकील यांना मोकळेपणी भेटता येतं. आरोपपत्र मिळाल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान 96 तास मिळायला हवेत, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे मोहिमेवर, असाल तर 24. ही वेळ पाळणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलं. जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच अधिकारी बसतात, सोबत कायदा सांगायला जज अ‍ॅडव्होकेट असतो, आणि निकाल वरून कन्फर्म झाल्याशिवाय लागू होत नाही. निकाल परत पाठवलेले आणि आरोपी सुटलेले मी पाहिले आहेत.

पण संदेश लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा समरी कोर्ट मार्शल, म्हणजे कमांडिंग ऑफिसरने (सीओ) एकट्याने चालवलेला झटपट खटला, असावं. त्याच्या रागात तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

खोली छोटी असते. टेबलामागे सीओ, बाजूला दोन अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर). ते फक्त हजर असतात, निर्णयात त्यांचं मत नसतं. आरोपीला टोपी आणि बेल्ट उतरवून मार्च करत आत आणतात. तपासही सीओच्या हाताखालचा, न्यायाधीशही सीओच. वकील सोबत बसू शकतो, कानात सल्ला देऊ शकतो, प्रश्न सुचवू शकतो, पण स्वतः साक्षीदाराला विचारू शकत नाही की कोर्टापुढे बोलू शकत नाही. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, शिवाय नोकरीवरून बडतर्फी. ही पद्धत नौदलात नाही, हवाई दलातही नाही. तिन्ही दलांत फक्त भूदलात आहे. ती असावी का, यावर माझं मत संदेश लिहिणाऱ्यापेक्षा फारसं वेगळं नाही.

तरीही ‘शिक्षा ठरलेली असते आणि दाद नाही’ हे खरं नाही. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सिग्नलमनचं प्रकरण आलं. वरिष्ठांकडे थेट तक्रार पाठवली म्हणून तो आधीच 28 दिवसांची शिक्षा भोगत होता. कोठडीत जेवायला नकार दिला म्हणून दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. कोर्टात बसले तेच साहेब, ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार होती. न्यायालयाने पक्षपात आणि गुन्ह्याच्या मानाने अवाजवी शिक्षा, या दोन्हींवर बोट ठेवून ती कारवाई रद्द केली. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तरच, आणि ती का होती याची कारणं लिहायला हवीत. शिवाय रूल 115 प्रमाणे ‘गुन्हा कबूल’ असं लिहिण्याआधी आरोपीला आरोप आणि कबुलीचे परिणाम समजावून सांगावे लागतात. ते केल्याची नोंद नसल्यामुळे अशी कोर्ट मार्शलं उलटली आहेत. बऱ्याच पोरांची प्रकरणं याच कबुलीवर संपतात.

दाद कुठे मागायची, ते थोडक्यात. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट मार्शलवर अपील नसणं ही मोठी उणीव असल्याचं म्हटलं होतं. त्यावर 2007 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला. कोर्ट मार्शलविरुद्ध तिथे अपील होतं, जामीनही मिळू शकतो, आणि मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. समरी कोर्ट मार्शलचं प्रकरण बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद असेल तरच तिथे जातं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा रिट अधिकारही कायम असल्याचं सांगितलं. कोर्ट मार्शलच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क रूल 147 देतो.

मध्यंतरी एका ओळखीच्या पोराचा फोन आला. आवाज अगदी खाली.

“काका, समरी ऑफ एव्हिडन्स चालू आहे. उद्या जबाब द्यायचाय. साहेब म्हणतायत सही कर, मग मोकळा. करू का?”

“कोऱ्या कागदावर?”

“नाही, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय.”

“एकेक शब्द वाच.”

तो अडखळत वाचत गेला. काहीही सांगायचं तुझ्यावर बंधन नाही, या ओळीपाशी थांबला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, “काका, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उद्या आधी डिफेन्डिंग ऑफिसरचं विचारतो. वकिलाचा नंबर आहे का तुमच्याकडे?”