सूर्या बोनालीला ऑलिम्पिकमधून कुणीही बाद केलं नव्हतं

बर्फावर वेगाने मागे सरकत आलेली एक कृष्णवर्णीय मुलगी अचानक हवेत उलटी कोलांटी घेते आणि स्केटच्या एकाच पात्यावर उतरते. हा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. खालचा मजकूर साधारण असा असतो: ‘1998 च्या ऑलिम्पिकमध्ये सूर्या बोनालीने हे करून दाखवलं. इतर कुणाला जमेना म्हणून कोलांटीवर बंदी घातली, तिला स्पर्धेतून बाद केलं, तिचं सुवर्ण हिसकावलं आणि तिची कारकीर्द संपवली.’ व्हिडिओ खरा आहे, मजकूर मात्र जवळजवळ सगळा चुकीचा. फ्रान्सची ही फिगर स्केटर मला फार आवडते, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

आधी बंदीचं बघू. 1976 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने बॅकफ्लिप, म्हणजे हीच उलटी कोलांटी, मारली आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ती बंद केली. सूर्याचा जन्म डिसेंबर 1973 चा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. बंदीमागे दोन कारणं सांगितली जात. एक म्हणजे धोका. दुसरं असं की फिगर स्केटिंगमध्ये उडी एका पायावर उतरवायची असते आणि बॅकफ्लिप मारणारे दोन्ही पायांवर उतरत. सूर्या नेमकी एका पायावर उतरली, म्हणजे नियमामागचं अर्धं कारण तिने पंचांच्या डोळ्यांदेखत निकालात काढलं. त्या एका पायाचं महत्त्व हे आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नसतं.

‘बाद केलं’ हे तर साफ खोटं. 1998 च्या त्या ऑलिम्पिकमध्ये, जपानमधल्या नागानोत, ती दहावी आली. निकालपत्रात तिचं नाव आहे. निषिद्ध उडीसाठी गुण कापले गेले, बस.

आता सुवर्ण. स्पर्धा दोन फेऱ्यांची: आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम, मग मोठं फ्री स्केटिंग. त्या काळी शॉर्ट प्रोग्रॅममधल्या क्रमांकाला 0.5 ने गुणायचे, फ्री स्केटिंगचा क्रमांक तसाच धरायचे आणि बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. सूर्या शॉर्टमध्ये सहावी होती, म्हणजे 3 आधीच डोक्यावर. फ्री स्केटिंग जिंकली असती तरी बेरीज 4 झाली असती. शॉर्टमध्ये पहिली आलेली मिशेल क्वान फ्रीमध्ये निदान चौथ्या आणि दुसरी आलेली तारा लिपिन्स्की निदान तिसऱ्या क्रमांकापर्यंत घसरली, तरच सुवर्णाचा विचार. प्रत्यक्षात लिपिन्स्की पहिली आणि क्वान दुसरी आली. शिवाय 1996 मध्ये सूर्याच्या टाचेवरचा स्नायुबंध, ज्याला अकिलिस टेंडन म्हणतात, तो तुटला होता. त्यानंतर तिच्या उड्यांत पूर्वीचा जोर राहिला नव्हता. पदक हातचं गेलंय हे कळल्यावर तिने ती कोलांटी घेतली. गुण जाणार हे पक्कं माहीत असताना आपल्या मनाची एक उडी मारून मोकळं होणं मला हिसकावलेल्या सुवर्णाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

तिच्याबद्दल बनावट गोष्टी रचण्याची खोड मात्र जुनीच. ती लहान असताना तिच्या पहिल्या प्रशिक्षकाने पत्रकारांना सांगितलं होतं की ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जन्मली. खरं तर जन्म फ्रान्समधल्या नीस शहरातला, आणि एका फ्रेंच जोडप्याने ती काही महिन्यांची असताना तिला दत्तक घेतलं होतं.

कारकीर्द संपवली म्हणतात. कुठली? 1991 ते 1995 सलग पाच वेळा युरोपियन विजेती, नऊ वेळा फ्रान्सची विजेती, 1993, 94 आणि 95 अशी लागोपाठ तीन जागतिक रौप्यपदकं. 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या वतीने शपथ तिने घेतली. नागानोनंतर ती व्यावसायिक झाली आणि पुढे अनेक वर्षं शोमध्ये हीच कोलांटी मारत राहिली, वयाच्या चाळिशीतसुद्धा.

तिच्यावर अन्याय झालाच नाही, असं मी म्हणत नाही. तिचं स्केटिंग बर्फावर पुरेसं वाहत नाही, उड्या पूर्ण फिरत नाहीत, ही टीका काही अंशी रास्त होती. पण सादरीकरणाचे गुण पंचांच्या आवडीवर ठरत, आणि नाजूक राजकन्येच्या साच्यात न बसणाऱ्या दणकट काळ्या मुलीला त्या आवडीत किती जागा होती, हा प्रश्न उरतोच. तो विचारायचा तर 1994 ची चिबामधली जागतिक स्पर्धा बघा. नऊ पंचांपैकी पाच यजमान जपानच्या युका सातोच्या बाजूने गेले, चार सूर्याच्या. ती पदकमंचावर चढेना, शेजारीच उभी राहिली. तिला वर ओढून घेतलं, गळ्यात रौप्य घातलं, तिने ते काढून टाकलं. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. रडत रडत ती पत्रकारांसमोर गेली.

बंदी 2024 मध्ये उठली. त्याच वर्षी जानेवारीत, बंदी असतानाच, फ्रान्सच्या अदाम सियाओ हिम फाने लिथुआनियातल्या कौनासमध्ये बॅकफ्लिप मारली, दोन गुण गमावले आणि तरीही युरोपियन विजेतेपद जिंकलं. फॉरवर्ड करायचंच असेल तर व्हिडिओ जरूर करा, पण ‘बाद केलं’ आणि ‘सुवर्ण हिसकावलं’ ही दोन वाक्यं खोडून त्या जागी चिबाचं लिहा.