हवेवर 20.9 दाखवलं म्हणजे काम झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्रेस ऑक्सिजन अ‍ॅनलायझरच्या (वायूतला अगदी किंचित ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाच्या) कॅलिब्रेशनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'फ्युएल सेल सेन्सर लिनिअर असतो, हवेवर 20.9 टक्के दाखवले की काम झालं. पीपीएमच्या सिलिंडरचं स्तोम ज्यांनी मॅन्युअल उघडलेलं नाही तेच माजवतात.' (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग; पीपीएमचा सिलिंडर म्हणजे ऑक्सिजनचे मोजके, ठाऊक पीपीएम असलेला कॅलिब्रेशनचा वायू.) शिवाय सिलिंडरच्या सर्टिफिकेटमधली टॉलरन्स, म्हणजे त्यावरच्या आकड्यातली चुकीची मुभा, आणि झिर्कोनिया हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर असे आणखी दोन मुद्दे.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण मी मॅन्युअल उघडलेलं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमची-माझी ओळख नाही. मी कुठली उपकरणं हाताळली, तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या उमेदीची सगळी वर्षं नायट्रोजन आणि आरगॉनच्या लाइनींवर गेली. रात्रपाळीत अ‍ॅनलायझर उघडा टाकून, मांडीवर मॅन्युअल घेऊन बसलेला माणूस आहे मी. माझं म्हणणं खोडायचं तर खुशाल खोडा, पण त्यासाठी माझी लायकी काढायची गरज नव्हती. ते वाक्य मला लागलं, हे स्पष्टच सांगतो.

एक गोष्ट मान्य. सेन्सर लिनिअर आहे. शिशाच्या अ‍ॅनोडचा हा सेल ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनच्या दाबाच्या) प्रमाणात करंट देतो, आणि हवेवरचा स्पॅन, म्हणजे ठाऊक वायूवर आकडा जुळवणं, बऱ्याच उत्पादकांना चालतो. सिलिंडर हाताशी नसेल तर तसा स्पॅन करावा, ही ओळ लेखात असती तर बरं झालं असतं. ठीक आहे.

आता तुमचं 'काम झालं'. कोणाचं काम झालं? हवा म्हणजे सुमारे 2,09,000 पीपीएम. एखाद्या फिटिंगमधून लाइनमध्ये 3 पीपीएम ऑक्सिजन शिरत असेल, तर हवेवर तो दिसणार कसा? 2,09,000 आणि 2,09,003 यांतला फरक तुमचा डिस्प्ले दाखवतो का? तेच 3 पीपीएम, गॅसमध्ये खरा ऑक्सिजन 2 असताना, आकडा 5 करून ठेवतात. सेल चोख, आकडा खोटा. हवेवरचं कॅलिब्रेशन सेलची तब्येत सांगतं, लाइनबद्दल अवाक्षर काढत नाही.

यावर हमखास विचारतात की लाइनमध्ये दाब जास्त असताना हवा आत येईलच कशी. येते. बाहेर ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे 0.2 बार, आत जवळजवळ शून्य. बारीक फटीतून तो उलट्या दिशेनेही आत झिरपतो. सिलिकॉनच्या नळीच्या तर भिंतीतूनच येतो. मी स्टेनलेस स्टीलच्या ट्यूबचा आग्रह धरतो तो यासाठी.

एका प्लांटवर नवा सेल बसवला होता. हवेवर झकास 20.9. लाइनवर घेतला तर आकडा 6 पीपीएमच्या खाली उतरेना. हवा लागलेला सेल खाली यायला वेळ घेतो, म्हणून रात्रभर वाट पाहिली, तरी 6 च. सेल परत पाठवायची तयारी सुरू झाली. मी फक्त रोटामीटरवर (फ्लो दाखवणाऱ्या नळीवर) फ्लो मिनिटाला अर्ध्या लिटरवरून एका लिटरवर नेला. आकडा 4 वर आला. फ्लो दुप्पट झाला की गळतीचा वाटा निम्मा होतो. म्हणजे आधीच्या 6 मध्ये 4 गळतीचे आणि गॅसमधले फक्त 2. एका कॉम्प्रेशन फिटिंगचा फेरूल (ट्यूबभोवती आवळून बसणारी कडी) नीट बसलेला नव्हता. तो बदलल्यावर आकडा 2 वर स्थिरावला. हे हवेवर कधी कळलं असतं, सांगा.

सिलिंडर जोडला की सुटलो, असंही मी कुठे म्हटलेलं नाही. रेग्युलेटरमध्ये अडकलेली हवा दाब भरून-सोडून, भरून-सोडून काढावी लागते. ती राहिली तर 8 पीपीएमचा सिलिंडर 11 दाखवतो, घाईतला माणूस तो 8 वर आणून ठेवतो, आणि त्यानंतर गॅसमधले खरे 4 पीपीएम 2.9 दिसतात. माल आहे त्यापेक्षा शुद्ध ठरतो! म्हणूनच लेखात आधी पर्ज (अडकलेली हवा काढणं), मग फ्लो बदलून गळतीची तपासणी आणि शेवटी स्पॅन, असा क्रम दिला होता. तो तुम्ही वाचलात की नाही, मला शंका आहे.

टॉलरन्सचं म्हणाल, तर 8 पीपीएमवर 5 टक्के म्हणजे 0.4. त्यावर वेळ घालवणार नाही. झिर्कोनियाचा प्रश्न वेगळा. तिथे तापलेल्या सेलवर हायड्रोजनसारखा ज्वलनशील वायू जळून आकडा कमी दाखवतो. तो या लेखाचा विषयच नव्हता.

तुमच्या लाइनवर फ्लो दुप्पट करून पाहा, आकडा थोडा वेळ स्थिरावू द्या आणि जो येईल तो इथे लिहा. माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेला तरी तो इथून काढणार नाही. मॅन्युअलबद्दलचं वाक्य मागे घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.