२७ नंबर

आज ऑफिसात डोकं सटकलं. नोकरीचे अर्ज चाळताना एका सहकाऱ्यांनी एक अर्ज बाजूला सारला. का, तर कायमच्या पत्त्याच्या जागी बालगृहाचं नाव. म्हणे, "अशी पोरं टिकत नाहीत हो." अशी म्हणजे कशी, हे तिथेच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी काही वर्षं दर रविवारी एका बालगृहात गणित शिकवायला जायचे. तिथल्या एका मुलीचा नंबर २७. टॉवेलच्या कोपऱ्यावर, कॉलरच्या आतून, ताटाच्या मागे, सगळीकडे मार्करने २७. अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात तिने कपाटाची किल्ली परत केली, वहीवर सही केली आणि एक बॅग घेऊन बाहेर पडली.

कायदा म्हणाल तर आहे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पैशाच्या मदतीसकट. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने फोस्टर कुटुंबातल्या, म्हणजे सांभाळायला सोपवलेल्या दुसऱ्या घरातल्या, मुलाला, दोन्हीकडून तयारी असेल तर, एकविशीपर्यंत तिथेच राहता येतं. छान आहे. पण एकदा रात्री साडेअकराला हिचा फोन आला, "ताई, ताप किती झाला की डॉक्टरकडे जायचं असतं?" हे कुठल्या कलमात बसवणार? आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. आई आधीच कपाळाला हात लावून बसलेली असायची.

आणि टिकत नाहीत म्हणे! या साहेबांचे चिरंजीव सव्वीस वर्षांचे. तिसरी नोकरी सोडून घरी बसलेत, तर त्याला म्हणायचं 'ब्रेक घेतलाय'. हिने एक नोकरी सोडली की 'संस्थेतली ना, चालायचंच'. खोलीचं डिपॉझिट कोण भरतं, भाडेकरारावर जामीन कोण राहतं, विचारा की त्यांना!

हो, काही मुलं बिघडतात. मलाही एकाने फसवलंय. आणि काही जणांना घरातून वेळेवर बाहेर काढलं म्हणूनच ती आज जिवंत आहेत, हेही मान्य. पण हिच्या वाट्याला दहा वर्षांत दोन संस्था, तीन शाळा आणि चार अधीक्षक आले. दर वेळी नव्या माणसाला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची. शेवटी तिने सांगणंच सोडलं. फाइलवर शेरा काय? 'मुलगी अबोल व हट्टी.'

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मागच्या महिन्यात तिच्या खोलीवर गेले होते. एकटीच राहते. पगारातून घेतलेली नवी कोरी बादली, आणि तिच्यावर मार्करने २७. मी बघतेय हे तिला कळलं. "सवय हो ताई," म्हणाली आणि बादली भिंतीकडे फिरवून ठेवली.

त्याच दिवशी तिच्या नव्या नोकरीचा फॉर्म भरायचा होता. आपत्कालीन संपर्क म्हणून तिने माझा नंबर घातला आणि विचारलं, "नातं काय लिहू?" मी म्हटलं, शिक्षिका लिही. पटकन दुसरं सुचलं नाही, की अंगावर घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तिने काही न बोलता लिहिलं. अक्षर फार सुरेख आहे तिचं.

निघताना तो बाजूला सारलेला अर्ज मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून आलेय. उद्या साहेब काय म्हणतात बघू.