व्हॉल्व्हसोबत बायपास ही लूट नव्हे

मावशीच्या एओर्टिक व्हॉल्व्हचं (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेचं) ऑपरेशन ठरलंय आणि तिच्या फोनवर तो फिरता मेसेज येऊन पडलाय: 'व्हॉल्व्ह बदलताना अँजिओग्राफी आणि बायपास गळ्यात मारतात, बिल फुगवायला. नकार द्या. लिंबू, आलं, लसूण, ॲपल व्हिनेगर आणि मधाचा काढा घ्या, ब्लॉक विरघळतात. रक्त पातळ करायच्या गोळ्याही मग लागत नाहीत.' "बायपासला नाही म्हणून टाकू का गं?" असं तिने विचारलं, म्हणून हे.

काढ्याबद्दल काय बोलायचं! ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साठलेला चरबीचा, पेशींचा, कॅल्शियमचा थर. पोटात गेलेला लसूण तो विरघळवत नाही. पण खरा घातक भाग शेवटच्या वाक्यात आहे. मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाने ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी बंद केली, तर व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते. व्हॉल्व्ह अडकतो, किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. ही गोळी जन्मभराची, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बघत घ्यायची. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी असा पेशंट पाहिलाय का?

अँजिओग्राफी कशासाठी? एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झाला की ब्लॉक नसतानाही छातीत दुखतं. नुसत्या लक्षणांवरून ओळखायचं कसं? युरोपियन हृदयरोग संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट होत्या: चाळिशीपुढचे पुरुष, पाळी गेलेल्या बायका, हृदयविकाराचा धोका असलेले, यांची ऑपरेशनआधी अँजिओग्राफी करा. शक्यता कमी असेल तर सीटी स्कॅनवरही भागतं.

त्याच सूचनांनुसार हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत 70 टक्के किंवा जास्त अडथळा असेल तर व्हॉल्व्हसोबतच बायपास करावी. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात, तेव्हा त्याला जपणारं औषध बहुधा याच वाहिन्यांतून सोडतात. त्या तुंबलेल्या असतील तर पुढच्या स्नायूपर्यंत ते नीट पोचत नाही. आणि ब्लॉक तसाच ठेवून पुढे बायपास लागलीच, तर छाती पुन्हा उघडायची, तीही आत सगळं चिकटलेलं असताना.

आता, संशय अगदी हवेतून आलेला नाही, हे कबूल. स्टेंटच्या (ब्लॉक उघडा ठेवणाऱ्या जाळीच्या) किमतींवर सरकारला 2017 मध्ये मर्यादा घालावी लागली ती उगाच नाही. संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेल्या, दुसरा कुठलाही धोका नसलेल्या तिशीच्या पेशंटला अँजिओग्राफी बहुतेकदा लागत नाही. 50 ते 70 टक्क्यांच्या ब्लॉकबाबतही सूचना फक्त 'विचार करावा' एवढंच म्हणतात. तिथे सर्जनला जरूर विचारा: कुठली वाहिनी, किती टक्के, आणि ग्राफ्ट (बायपाससाठी जोडायची रक्तवाहिनी) कशासाठी.